वर्धा खोऱ्यातील कोळसा खाणी आणि आपले गाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रपूर, भद्रावती, वणी, राजुरा आणि उमरेड या पट्ट्यात नवी खाण येणार किंवा जुनी खाण वाढणार अशी कुणकुण लागली की गावोगावी जवळपास तेच प्रश्न विचारले जातात. जमीन जाणार का, नोकरी मिळणार का, गाव उठणार का आणि उठले नाही तर शेजारी खाण असताना जगायचे कसे, हे त्यांतले मुख्य प्रश्न आहेत. पुढील उत्तरांत कायद्यात काय लिहिले आहे आणि प्रत्यक्षात काय घडते, हे शक्य तेथे वेगळे करून सांगितले आहे, कारण खाणपट्ट्यातले बहुतेक तंटे या दोहोंमधल्या अंतरातूनच उभे राहिलेले आहेत.

वर्धा खोऱ्यात कोळसा कधीपासून काढला जातो, आणि पूर्वीच्या व आजच्या खाणींत फरक काय?

वरोऱ्याजवळची सरकारी खाण १८७० च्या दशकात सुरू झाली आणि तिच्या कोळशासाठीच रेल्वेचा फाटा वरोऱ्यापर्यंत आणला गेला. ती खाण १९०६ मध्ये बंद पडली, परंतु तोपर्यंत वर्धा नदीच्या दोन्ही काठांच्या जमिनीखाली काय दडले आहे हे सर्वांना कळून चुकले होते. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, सास्ती, दुर्गापूर, लालपेठ ही नावे पुढे कोळशाशी जोडली गेली. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये कोल इंडिया या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि या भागातील खाणी तिच्या नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड या उपकंपनीकडे, म्हणजे आपण ज्याला वेकोलि म्हणतो त्या कंपनीकडे आल्या. २०२३-२४ मध्ये या कंपनीने मध्य प्रदेशातील आपल्या खाणींसह सुमारे ६९ दशलक्ष टन कोळसा काढला.

या इतिहासातली एक गोष्ट बाकी सर्व प्रश्नांच्या मुळाशी आहे. जुन्या खाणी बहुतांशी भूमिगत होत्या. भूमिगत खाणीला माणसे पुष्कळ लागत आणि जमीन थोडी लागे, कारण वर शेती आणि वस्ती तशीच राहत असे. आजचे बहुतेक उत्पादन खुल्या खाणींतून येते. खुल्या खाणीत कोळशावरची सगळी माती आणि खडक उचलून बाजूला टाकावे लागतात, म्हणून तिला जमीन अफाट लागते; काम मात्र शॉवेल, डोझर आणि डंपर करतात, म्हणून माणसे कमी लागतात. कोल इंडियाच्या स्थापनेच्या काळात सहा लाखांहून अधिक कायम कामगार होते, ते आज सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत, आणि याच काळात उत्पादन कित्येक पटींनी वाढले आहे. आजोबांच्या पिढीने खाणीकडून जी अपेक्षा ठेवली ती नातवाच्या पिढीत पुरी का होत नाही, याचे कारण बऱ्याच अंशी या बदलात आहे.

खाणींमुळे जिल्ह्याची भरभराट झाली, हे खरे आहे का?

खरे आहे, पण कोणाची आणि किती काळ, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ येत नाही. कायम कामगाराचे वेतन राष्ट्रीय कोळसा वेतन कराराने ठरते. मे २०२३ मध्ये झालेल्या अकराव्या करारात किमान १९ टक्क्यांची वाढ निश्चित करण्यात आली. घर, दवाखाना, निवृत्तिवेतन आणि मुलांचे शिक्षण अशा सोयींसह हे वेतन परिसरातील कोणत्याही कोरडवाहू शेतकऱ्याच्या उत्पन्नापेक्षा कितीतरी अधिक असते. त्या पगारांवर घुग्घुस, माजरी, बल्लारपूर यांसारख्या गावांच्या बाजारपेठा उभ्या राहिल्या. तेलंगणातून, छत्तीसगडमधून, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेली कुटुंबे येथे स्थायिक झाली आणि या वस्त्यांमध्ये मराठी, हिंदी, तेलुगू व गोंडी एकाच गल्लीत ऐकू येऊ लागल्या. राज्य सरकारला कोळशाच्या किमतीवर १४ टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) मिळते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची आजची क्षमता २९२० मेगावॉट आहे आणि त्याची वीज मुंबई-पुण्यापर्यंत जाते.

दुसरी बाजू अशी की हा लाभ आणि त्याची किंमत एकाच घराच्या पदरात पडत नाही. पगार कॉलनीत येतो आणि धूळ शेजारच्या वाडीवर बसते. वीज राज्यभर जाते आणि राख व माती येथेच राहते. शिवाय माती काढणे, वाहतूक आणि भरणी ही कामे आता मोठ्या प्रमाणात कंत्राटावर दिली जातात. कंत्राटी चालकाला कायम कामगाराच्या तुलनेत बरेच कमी वेतन मिळते आणि कंत्राट संपले की त्याचे कामही संपते. त्यामुळे खाणीने किती रोजगार दिला, हा आकडा सांगितला जाईल तेव्हा त्यांपैकी कायम किती, कंत्राटी किती आणि स्थानिक किती, हे तिन्ही वेगळे मागून घ्यावेत.

आमच्या शिवाराला कलम ४ ची अधिसूचना लागली आहे. याचा अर्थ जमीन गेली का?

नाही, अजून गेलेली नाही. वेकोलिसाठी जमीन प्रामुख्याने १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन आणि विकास कायद्याखाली घेतली जाते. कलम ४ ची अधिसूचना म्हणजे या जमिनीखाली कोळसा आहे का याचा शोध घेण्याचा सरकारचा इरादा. त्यानंतर कलम ७ ची अधिसूचना निघते, ती संपादनाच्या इराद्याची असते, आणि ती निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत कलम ८ खाली लेखी हरकत घेता येते. हे ३० दिवस फार मोलाचे आहेत आणि अनेक गावांत ते नकळत निघून जातात, कारण अधिसूचना राजपत्रात छापली जाते आणि राजपत्र गावात कोणी वाचत नाही. कलम ९ ची घोषणा झाली की जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन सरकारकडे जाते आणि पुढे कलम ११ खाली कंपनीकडे वर्ग होते. त्यापुढचा सगळा वाद मोबदल्याचा असतो, जमिनीचा नाही.

म्हणून कलम ४ ची बातमी कानावर येताच करायची कामे अगदी साधी आहेत. सात-बारावरील नावे, वारसांची नोंद, विहीर, बोअर, झाडे, गोठा आणि ओलिताची नोंद अद्ययावत करून घ्यावी. विहीर प्रत्यक्षात असून सात-बारावर नसेल तर मोजणीच्या वेळी ती सिद्ध करण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर येते. वडील वारून वर्षे लोटली तरी फेरफार झालेला नाही, अशी प्रकरणे प्रत्येक गावात आढळतात आणि मोबदल्याच्या वेळी भावाभावांत उभे राहणारे तंटे बहुतेक तेथूनच सुरू होतात.

मोबदला कोणत्या कायद्याने ठरतो?

संपादन १९५७ च्या कायद्याने होत असले तरी मोबदला आणि पुनर्वसन यांबाबत २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या पहिल्या तीन अनुसूची लागू आहेत. ही तरतूद सप्टेंबर २०१५ पासून अमलात आली. त्यानुसार बाजारमूल्याला ग्रामीण भागासाठीचा गुणक लागतो आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. मात्र २०१३ च्या कायद्यातील सामाजिक परिणाम मूल्यांकनाची तरतूद कोळशाच्या या संपादनाला लागत नाही. ही फार मोठी उणीव आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण गावात कोण कशावर जगते याची मोजदाद संपादनापूर्वीच झाली पाहिजे, आणि ती करण्याचे बंधन येथे कायद्याने घातलेलेच नाही. मोबदला मान्य नसल्यास १९५७ च्या कायद्याच्या कलम १४ खाली न्यायाधिकरणाकडे आणि तेथून उच्च न्यायालयाकडे दाद मागता येते.

दोन एकराला एक नोकरी, हा नियम कसा चालतो?

कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणानुसार संपादित जमिनीच्या प्रत्येक दोन एकरांमागे एक नोकरी, या हिशेबाने एकूण नोकऱ्यांची संख्या ठरते. ज्यांना नोकरी मिळत नाही किंवा नको आहे त्यांना एकरी पाच लाख रुपये एकरकमी घेण्याचा पर्याय धोरणात आहे. लहान खातेदार एकत्र येऊन, आपली जमीन मिळून दोन एकर करून, आपल्यापैकी एकाला नोकरी देऊ शकतात.

कागदावर हा नियम सरळ दिसतो, पण त्याने घराच्या आत जे होते त्याची चर्चा फारशी होत नाही. सहा एकरांचे एक कुटुंब घ्या. चार भाऊ आहेत आणि नोकऱ्या तीन मिळणार. चौथ्याचे काय? तिघांनी त्याला दरमहा काही रक्कम द्यायची असे तोंडी ठरते, कधी स्टॅम्प पेपरवर लिहिलेही जाते, आणि दोन-चार वर्षांत ते बंद पडते. बहिणींचा वाटा तर बहुधा संमतिपत्रावर सही घेऊन आधीच सोडवून घेतलेला असतो. लहान खातेदारांनी एकत्र येऊन दिलेल्या नोकरीत ज्याची जमीन गेली तो एक आणि नोकरी लागली तो दुसरा, असेही होते. पैशाचा व्यवहार होऊन नोकरी परक्याच्या हाती गेल्याच्या तक्रारी या पट्ट्यात नव्या नाहीत. अशा व्यवहाराला हो म्हणण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की एकदा नामनिर्देशन झाले की ते फिरवणे जवळपास अशक्य असते.

आणखी एक गोष्ट उमेदवाराच्या घरच्यांनी समजून घ्यावी. संपादनाची घोषणा, मोजणी, मोबदला, कागदपत्रांची पडताळणी, वैद्यकीय तपासणी आणि नियुक्ती यांत कित्येक वर्षे जातात. या काळात जमिनीवर पीक घेता येत नाही आणि पगारही सुरू झालेला नसतो. वयोमर्यादा या वर्षांची वाट पाहत नाही. संपादनाच्या वेळी ज्या मुलाचे वय तिशीच्या पुढे आहे त्याच्याऐवजी धाकट्याचे नाव द्यावे का, हा कठीण निर्णय घराघरात शांतपणे बसून घ्यायला हवा आणि त्याबरोबर थोरल्याचा वाटा लेखी ठरायला हवा.

ज्यांच्या नावावर जमीनच नाही, त्यांना काय मिळते?

खाणपट्ट्यातला सर्वात मोठा अन्याय येथे होतो. गावात शेतमजूर असतात, बटईने किंवा मक्त्याने जमीन कसणारे असतात, गुराखी, सुतार, लोहार, दुकानदार, मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करून वर्षातले काही महिने भागवणारी गोंड व कोलाम कुटुंबे असतात. शिवारातली सातशे एकर जमीन संपादित झाली की या सर्वांचे काम त्याच दिवशी संपते, परंतु संपादनाच्या यादीत त्यांचे नाव नसते, कारण यादी सात-बारावरून तयार होते.

कायदा मात्र त्यांना पूर्ण विसरलेला नाही. २०१३ च्या कायद्यात बाधित कुटुंबाच्या व्याख्येत शेतमजूर, कुळे, बटईदार आणि कारागीर येतात, मात्र संपादनापूर्वी किमान तीन वर्षे ते त्या क्षेत्रात काम करत असले पाहिजेत आणि त्यांची मुख्य उपजीविका बाधित झालेली असली पाहिजे. दुसऱ्या अनुसूचीत विस्थापित कुटुंबाला वर्षभर दरमहा ३,००० रुपये निर्वाह भत्ता, सामान हलवण्यासाठी ५०,००० रुपये, पुनर्वसन भत्ता म्हणून ५०,००० रुपये, तसेच कारागीर व लहान व्यावसायिकांसाठी किमान २५,००० रुपये अशा तरतुदी आहेत. नोकरी, पाच लाख रुपये एकरकमी किंवा २० वर्षे दरमहा किमान २,००० रुपये, यांपैकी एकाची निवड करण्याची तरतूदही त्यात आहे.

अडचण पुराव्याची असते. बटई तोंडी असते आणि मजुरी रोख असते. तीन वर्षे काम केल्याचा दाखला कोण देणार? याला एकच उपाय उपयोगी पडतो, तो म्हणजे कलम ४ ची अधिसूचना लागताच ग्रामसभेत भूमिहीन कुटुंबांची नावानिशी यादी करून, कोण कोणाच्या शेतात किती वर्षे काम करतो याची नोंद ठरावात घ्यायची आणि त्या ठरावाची प्रत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्यायची. रोजगार हमीची कार्डे, रेशनकार्ड, मतदार यादी आणि शाळेचे दाखले यांचा आधार त्यासोबत जोडता येतो. यादी करताना जमीनमालकांनी भूमिहीनांच्या बाजूने उभे राहिले तर काम पुष्कळ सोपे होते. दुर्दैवाने त्या वेळी जो तो आपल्या एकरांच्या हिशेबात गुंतलेला असतो.

स्त्रियांवर या सगळ्याचा वेगळा परिणाम होतो का?

होतो. निंदणी, कापूस वेचणी, सोयाबीन कापणी ही कामे मुख्यतः बायकांची असतात आणि त्यातून त्यांच्या हातात स्वतःचा पैसा येतो. शेती गेली की तो पैसा बंद होतो. डंपर आणि शॉवेलच्या कामात त्यांना जवळजवळ जागा नाही. मोबदल्याचा धनादेश खातेदाराच्या नावावर निघतो आणि खातेदार बहुधा पुरुष असतो. पुनर्वसनाच्या घराची जागा पती आणि पत्नी दोघांच्या नावे देता येते, अशी सोय दुसऱ्या अनुसूचीत आहे. ती आपोआप होत नाही, मागावी लागते, आणि मागितल्यावर नाकारण्याचे कोणतेही कारण अधिकाऱ्यांकडे नसते.

मोबदल्याचे पैसे टिकतात का?

काही घरांत टिकतात. ज्यांनी लगेच दुसरीकडे जमीन घेतली, त्यांचे बस्तान बसलेले दिसते, जरी एका गावात एकाच वेळी शंभर खातेदारांना मोबदला मिळाला की पंचक्रोशीतल्या जमिनीचे भाव चढतात आणि पाच एकरांच्या पैशात तीनच एकर येतात. ज्यांनी पैसे खात्यात ठेवले, त्यांच्याकडे गाड्यांचे विक्रेते, गुंतवणुकीचे दलाल आणि नातलग सगळे एकाच महिन्यात येतात. शेती दरवर्षी थोडे देते आणि त्यामुळे माणसाला खर्चाचे वळण वर्षाच्या मापाने लागलेले असते. एकदम आलेल्या रकमेला ते वळण उपयोगी पडत नाही. यात शेतकऱ्याचा दोष काढणे मला मान्य नाही. ज्यांनी आयुष्यात कधी मोठी रक्कम हाताळली नाही त्यांच्या हातात ती कोणत्याही सल्ल्याशिवाय देणे, ही व्यवस्थेची चूक आहे.

आमची जमीन गेली नाही, पण खाण शेजारी आहे. आमचे नुकसान कोणत्या खात्यात धरले जाते?

बहुतेक वेळा कोणत्याच नाही, आणि म्हणून अशा गावांची स्थिती कधीकधी उठलेल्या गावांपेक्षा वाईट असते. खुली खाण खोल जाते तसे भोवतालचे भूजल खाणीत झिरपते आणि तेथून पंपाने बाहेर काढले जाते. त्यामुळे विहिरी जानेवारी-फेब्रुवारीतच तळ गाठतात. स्फोटांच्या हादऱ्यांनी घरांच्या भिंतींना तडे जातात. कोळशाच्या रस्त्यालगतच्या शेतात बोंडातून फुटलेला कापूस काळवंडतो आणि व्यापारी त्याचा भाव पाडतो. तुरीच्या आणि सोयाबीनच्या पानांवर धुळीचा थर बसतो.

नुकसान भरून मिळवायचे असेल तर नोंद लागते. तडे गेल्याच्या छायाचित्रांवर तारीख असावी, शक्यतो खाण जवळ येण्यापूर्वीची छायाचित्रेही काढून ठेवावीत. विहिरीची पाणीपातळी दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी मोजून वहीत लिहावी. पिकाच्या नुकसानीसाठी तलाठी आणि कृषी सहायक यांच्याकडून पंचनामा मागावा आणि तक्रारीची प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयाला द्यावी. खाणीतून उपसलेले पाणी गावांना आणि शेतीला देण्याची पद्धत काही ठिकाणी सुरू झाली आहे. आपल्या गावालाही ते मिळावे असा ग्रामसभेचा ठराव करून मागणी केल्यास तिला निश्चित वजन येते.

मातीच्या ढिगाऱ्यांचा आणि पुराचा संबंध आहे का?

चंद्रपूर आणि वणी परिसरातील लोकांचा अनुभव तसे ठामपणे सांगतो. खाणीतून काढलेली माती, जिला येथे सगळेच ओबी म्हणतात, तिचे डोंगर इरई आणि वर्धा या नद्यांच्या काठावर उभे राहिले आहेत. नदीला पूर आला की पाणी पूर्वी जेथे पसरत असे ती जागा या ढिगाऱ्यांनी अडवलेली असते. शिवाय पावसात ढिगाऱ्यांची माती वाहून नदीत आणि नाल्यांत येते व पात्र उथळ होते. त्यामुळे पाणी मागे वळते आणि जेथे कधी पूर येत नव्हता त्या शेतांत व वस्त्यांत शिरते. चंद्रपूर शहराने २००६ आणि २०१३ मध्ये मोठे पूर पाहिले आणि जुलै २०२२ मध्ये वर्धेच्या पुराने वणी, भद्रावती, राजुरा भागातील शेते दिवसेंदिवस पाण्याखाली ठेवली. पुराला वरच्या धरणांतून सोडलेले पाणी आणि अतिवृष्टी ही कारणेही असतात, हे मान्य केले तरी नदीकाठी ढिगारे उभारण्याचे समर्थन होत नाही. नवीन प्रकल्पाच्या अहवालात ढिगाऱ्याची जागा नकाशावर दाखवलेली असते. गावातल्या ज्या म्हाताऱ्यांनी पूर्वीचे पूर पाहिले आहेत, त्यांना तो नकाशा दाखवून पाणी कोठपर्यंत येत असे, हे विचारावे. त्यांचे उत्तर हरकतीत लिहावे.

प्रदूषणाविषयी अधिकृत नोंद काय सांगते?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत ते चौथ्या क्रमांकावर होते. त्यानंतर २०१० मध्ये नव्या उद्योगांना काही काळ बंदी घालण्यात आली होती. हा निर्देशांक खाणी, वीज केंद्र, सिमेंट, पोलाद आणि वाहतूक या सर्वांचा मिळून आहे, तो एकट्या खाणींच्या माथी मारता येत नाही. कामगारांना धुळीमुळे होणारा न्यूमोकोनिओसिस हा फुप्फुसाचा आजार व्यावसायिक आजार म्हणून कायद्याने मान्य आहे आणि त्याची नियमित तपासणी बंधनकारक आहे. कंत्राटी कामगारांनी ही तपासणी होते की नाही हे आवर्जून पाहावे आणि तिचा कागद स्वतःजवळ ठेवावा.

वाघ-बिबट्यांचा आणि खाणींचा काय संबंध?

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाभोवतीचे जंगल खाणींनी तुकड्यातुकड्यांत विभागले आहे. त्याच वेळी जुन्या खाणींच्या पडीक ढिगाऱ्यांवर दाट झुडपे माजली आहेत आणि त्यांत बिबटे व वाघ राहू लागले आहेत. दुर्गापूर आणि ऊर्जानगर परिसरात घरांच्या अंगणापर्यंत येऊन बिबट्यांनी माणसांचे बळी घेतले आहेत. वस्तीलगतची झुडपे काढणे आणि रस्त्यांवर दिवे लावणे ही कामे खाण आणि वीज केंद्राच्या व्यवस्थापनाची आहेत, वनविभागाने एकट्याने करण्याची नाहीत.

जनसुनावणीत बोलून काही उपयोग होतो का?

होतो, पण बोलण्यापेक्षा लिहून दिल्याने अधिक होतो. जनसुनावणी म्हणजे प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्यापूर्वी लोकांचे म्हणणे ऐकण्याची सभा. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रात द्यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध असला पाहिजे, सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाहून कमी नसलेला अधिकारी घेतो आणि तिचे चित्रीकरण होते. सुनावणी संपताना इतिवृत्ताचा सारांश उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. तो वाचून दाखवण्यापूर्वी कोणीही उठून जाऊ नये. सुनावणीला किती लोक हजर असावेत याची किमान अट नाही, त्यामुळे बहिष्कार टाकल्याने सुनावणी रद्द होत नाही. ती ठरल्याप्रमाणे पार पडते आणि गावाचे म्हणणे नोंदीत येत नाही. जुन्या खाणींच्या विस्ताराच्या काही प्रकरणांत सुनावणीतून सूट दिली जाते, त्या वेळी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या समितीला थेट लेखी निवेदन पाठवणे हा मार्ग उरतो.

जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी कोणासाठी आहे?

खाणबाधित लोकांसाठी आहे. २०१५ मध्ये खाण आणि खनिज कायद्यात झालेल्या दुरुस्तीने हा निधी निर्माण झाला. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि त्यानंतर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांना १० टक्के इतकी रक्कम त्यात भरावी लागते. सुरुवातीच्या नियमांनुसार किमान ६० टक्के खर्च पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, महिला व बालकल्याण अशा कामांवर व्हायला हवा होता. पण वर्षानुवर्षे रस्ते, सभागृहे आणि सुशोभीकरण यांच्यावरच निधी खर्च होण्याकडे कल राहिला, आणि ज्या गावाच्या विहिरी आटल्या तेथे टँकर चालू राहिले. आपल्या गावाचे नाव बाधित गावांच्या यादीत आहे का आणि गेल्या तीन वर्षांत गावासाठी कोणती कामे मंजूर झाली, हे माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मागता येते.

खाण सरकारी कंपनीची नसून खासगी किंवा दुसऱ्या राज्याच्या कंपनीची असेल, तर काय बदलते?

भद्रावती तालुक्यातील बरांजचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. येथील कोळसा कर्नाटकच्या वीज महामंडळासाठी होता आणि खाण खासगी भागीदारीतून चालवली जात होती. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातील २१८ पैकी २१४ कोळसा खंडांचे (खाणकामासाठी आखून दिलेल्या क्षेत्रांचे) वाटप रद्द केले आणि बरांजची खाण २०१५ मध्ये थांबली. खंड पुढे पुन्हा कर्नाटकच्या वीज महामंडळाला मिळाला आणि काही वर्षांनी काम सुरू झाले, पण मधल्या काळात कामगारांची थकबाकी, अर्धवट पुनर्वसन आणि उरलेल्या जमिनी यांची जबाबदारी घेणारा कोणीच समोर नव्हता. गावाने दाद कोणाकडे मागायची, याचे सरळ उत्तर मिळत नव्हते.

यावरून घेण्यासारखी खबरदारी अशी की कंपनीने दिलेली आश्वासने जिल्हाधिकाऱ्यांच्या साक्षीने त्रिपक्षीय करारात लिहून घ्यावीत आणि मालक बदलला तरी ती नव्या मालकावर बंधनकारक राहतील, असे कलम त्यात असावे.

खाण संपल्यावर जमीन परत मिळते का?

१९५७ च्या कायद्यात मूळ मालकाला जमीन परत देण्याची तरतूद नाही. २००९ पासून प्रत्येक खाणीला बंद करण्याचा आराखडा करावा लागतो आणि त्यासाठी वेगळ्या खात्यात दरवर्षी रक्कम ठेवावी लागते. तेव्हाच्या दराने खुल्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख आणि भूमिगत खाणीसाठी एक लाख रुपये असे प्रमाण ठरले होते. माती पुन्हा भरणे, झाडे लावणे, सांडपाण्याची व्यवस्था आणि कामगारांचे पुढचे प्रश्न हे सर्व त्या आराखड्यात येते. नागपूर जिल्ह्यात वेकोलिने ओबीतून वाळू काढणे, खाणीचे पाणी शुद्ध करून विकणे आणि सावनेरजवळ खाण पर्यटन असे प्रयोग केले आहेत. ते स्वागतार्ह आहेत, परंतु त्यांतून मूळ शेतकऱ्याकडे काही परत येत नाही.

भूमिगत खाणींची गोष्ट आणखी वेगळी आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गडप झाले, कारण त्याखाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. घरातली माणसे वेळेत बाहेर पडली आणि आजूबाजूच्या कुटुंबांना तातडीने हलवावे लागले. खाण बंद झाल्यावर तिच्या नकाशाचे महत्त्व कमी होत नाही. ज्या वस्त्या जुन्या खाणींवर उभ्या आहेत त्यांनी खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे आणि वेकोलिकडे त्या नकाशांची मागणी करावी, आणि नगर परिषदेने नवे बांधकाम परवाने देण्यापूर्वी ते पाहावेत.

गावाला खाण नकोच असेल, तर ती थांबवता येते का?

क्वचित थांबली आहे. ताडोबालगतच्या लोहारा येथील प्रस्तावित खाणीला चंद्रपूरकरांनी मोठा विरोध केला आणि २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तिला नकार दिला. २०२० मध्ये लिलावासाठी ठेवलेला चिमूर तालुक्यातील बंदर हा कोळसा खंड राज्य सरकारच्या विरोधानंतर यादीतून काढण्यात आला. दोन्ही ठिकाणी वाघांचे जंगल हे निर्णायक कारण ठरले. केवळ शेतजमीन आणि गाव वाचवण्यासाठी खाण थांबल्याचे या खोऱ्यात सहसा दिसत नाही, आणि ही बाब मला अस्वस्थ करते.

वनजमीन लागत असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांचा निकाल लागणे आणि ग्रामसभेची संमती हा गावाच्या हातातला सर्वात बळकट आधार आहे. म्हणून सामूहिक वनहक्काचा दावा खाणीची चाहूल लागण्याची वाट न पाहता आजच दाखल करावा. शेतजमिनीच्या गावांनी थांबवण्याची मागणी ठेवावीच, पण त्याबरोबर दुसरी मागणीही लेखी तयार ठेवावी. त्यात गाव एकसंध हलवणे, नव्या गावठाणात पाणी, शाळा, स्मशानभूमी आणि देवस्थान आधी उभे राहणे, भूमिहीनांची यादी मान्य होणे आणि जुने गाव त्यानंतरच रिकामे करणे, असा क्रम स्पष्ट लिहिलेला असावा. २०१३ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत या सोयींची तपशीलवार यादी आहे. तिची मराठी प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून ठेवावी.